बॅचच्या बातम्या छापताना

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाच्या वार्षिक अंकातलं ‘बॅचची खबरबात’ हे सदर माझ्याकडे आलंय. मागच्या अंकातली माहिती व्हॉट्सॲपवरून घेतली होती, चुकांच्या खूप तक्रारी आल्या. पद्धत कशी बसवावी?

उत्तर: निम्मा गोंधळ ‘बॅच’ या शब्दातच असतो. कुणी प्रवेशाचं वर्ष सांगतं, कुणी पास झाल्याचं. अर्जात दोन्ही रकाने ठेवा, छापा मात्र पदवीचं वर्ष. नाव हजेरीपटावर होतं तसं आधी, आताचं कंसात. माहेरचं आडनाव गाळलंत तर बाकावरची मैत्रीणसुद्धा ओळखणार नाही. विद्यापीठाचं नाव पदवीपत्रावरचंच. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव २०१४ मध्ये मिळालं, म्हणून १९९२ च्या पदवीपुढे जुनंच नाव योग्य.

नोंद ३०-४० शब्दांत बसवा. ‘मोठ्या कंपनीत उच्च पदावर’ यातून काहीच कळत नाही. ‘जून २०२४ पासून साताऱ्यात कार्यकारी अभियंता’ यातून कळतं. बढतीची ऑर्डर हातात पडल्यावरच छापा. पीएच.डी.ची बातमी प्रबंध सादर केल्यावर नको, मौखिक परीक्षा होऊन विद्यापीठाची अधिसूचना निघाली की घ्या.

निधनाची खात्री घरच्यांशी फोनवर बोलूनच करा, फॉरवर्डवर कधीही नाही. लग्न, बाळ, आजारपण यांना त्या व्यक्तीची स्वतःची लेखी संमती लागते, मित्राची चालत नाही.

आणि अर्जात ‘सध्या काय करता?’ असं मोकळं विचारा. फक्त ‘पद’ विचारलं, की शेती करणारे, घर सांभाळणारे अर्ज भरतच नाहीत.