घरच्या छोट्या डिशने परग्रहावरचे सिग्नल पकडता येतील का?

एक-दीड मीटरची डिश लावून परग्रहवासीयांचा सिग्नल मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मिळू शकतो, पण तो नेमका आपल्या दिशेने रोखलेला आणि प्रचंड ताकदीचा असेल तरच. आपल्या टीव्ही-रेडिओसारखं प्रसारण एखाद्या ताऱ्याकडून येत असलं, तर या डिशला त्याचा पत्ताही लागणार नाही.

तरीही डिश लावाच. कारण हायड्रोजन! आकाशगंगेतला हायड्रोजन वायू १४२०.४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर रेडिओलहरी सोडतो आणि त्या एवढ्याशा डिशलाही सापडतात. फोकसपाशी, म्हणजे डिशवर आदळलेल्या लहरी जिथे एकत्र येतात तिथे अँटेना, त्याला अगदी लागून कमी नॉइजचा अ‍ॅम्प्लिफायर, फिल्टर, एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) रिसीव्हर आणि लॅपटॉप, एवढं पुरतं. अ‍ॅम्प्लिफायर मात्र लांब केबलच्या लॅपटॉपकडच्या टोकाला लावू नका, आधीच क्षीण असलेला सिग्नल केबलमध्येच विरून जातो. कोणत्या फ्रीक्वेन्सीवर किती सिग्नल आहे, ते लॅपटॉपवर आलेखात दिसतं. सुरुवातीला त्यात नुसती खरखर दिसेल. काही मिनिटांची सरासरी काढा, आकाशगंगेपासून दूरच्या आकाशाचा आलेख त्यातून वजा करा, की एक उंचवटा वर येतो. तोही नेमका १४२०.४ वर नसतो. वायू सेकंदाला १०० किलोमीटर वेगाने दूर जात असेल, तर उंचवटा सुमारे ४७० किलोहर्ट्झ खाली सरकतो. आकाशगंगा फिरतेय हे आपल्याच आलेखात दिसतं, आणि माझ्या मते या छंदात याहून मोठा आनंद नाही.

परग्रहवासीयांचा शोधही याच फ्रीक्वेन्सीवर सुरू झाला. १९५९ मध्ये कोकोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी ती सुचवली, कारण हायड्रोजन सगळीकडे आहे आणि रेडिओ जाणणाऱ्या कुणालाही ती ठाऊक असणार. १९६० मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक वेधशाळेच्या २६ मीटर डिशने टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या ताऱ्यांचा कानोसा घेतला. हाती काही लागलं नाही.

असा सिग्नल शोधताना आलेखात बघायची असते ती बारीक रेघ. हायड्रोजनचा उंचवटा हजारो-लाखो हर्ट्झ रुंद असतो, मुद्दाम पाठवलेला सिग्नल एखाद्या हर्ट्झइतका अरुंद असू शकतो. अशी रेघ दिसली की आधी डिश बाजूला वळवा. रेघ तशीच राहिली तर ती बहुधा चार्जरची किंवा लॅपटॉपचीच. गेली, तर पुन्हा त्याच जागी वळवून पाहा. परत आली तरी ती उपग्रहाची असू शकते. म्हणून दुसऱ्या दिवशी तोच भाग आकाशात आला की परत बघा, आणि लांबच्या दुसऱ्या कुणाला तरी त्याच दिशेने डिश लावायला सांगा.