भिगवणला फुल-फ्रेम कशाला?

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी७५०० कॅमेरा आहे आणि त्यावर ७०-३०० मिलिमीटरची डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरसाठीची, झूम लेन्स (३०० ला एफ ६.३). हिवाळ्यात भिगवणला फ्लेमिंगो टिपायला जातो. पहाटेच्या फोटोंत फार नॉइज (दाणे) येतो. ओळखीचे एक जण त्यांचा फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, डी७५० विकताहेत. 'सेन्सर मोठा, नॉइज कमी,' म्हणतात. घेऊ का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : नका घेऊ. निदान भिगवणसाठी तरी नाही.

तुमचे ओळखीचे खोटं बोलत नाहीत. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, तुमचा साधारण २३.५ बाय १५.७ चा. क्षेत्रफळ सव्वादोन पटीहून जास्त, म्हणून नॉइज ढोबळमानाने एका स्टॉपने कमी, म्हणजे निम्म्या उजेडातही तेवढाच. पण अख्खी फ्रेम कामाला आली तरच! होडीतून पक्षी किती लांब असतो ते तुम्ही जाणताच. शहाणा नावाडी थव्यात होडी घालत नाही, तुम्हीही त्याला भरीस पाडू नका. तेवढ्या अंतरावरून, त्याच ३०० ला, डी७५० मध्ये पक्षी मधल्या तुकड्यात मावणार. घरी येऊन तुम्ही कडा कापणार. उरलेला तुकडा असेल तुमच्या आत्ताच्या सेन्सरएवढाच. जास्तीचा प्रकाश गोळा झाला तो कापून टाकलेल्या पाण्याचा. त्यात तुमची लेन्स डीएक्सची, ती लावली की डी७५० आपणहूनच मधला भाग तेवढा वापरतो. तिथे मेगापिक्सेल उरतात १० च्या आसपास. डी७५०० देतो २०.९.

खरी अडचण लेन्सची आहे. ३०० ला एफ ६.३ म्हणजे ३०० भागिले ६.३, प्रकाश आत यायला सुमारे ४८ मिलिमीटरचं तोंड. निकॉनच्या २००-५०० मिलिमीटरच्या लेन्सचं तोंड, ५०० ला एफ ५.६ वर, ८९ मिलिमीटर. त्याच पक्ष्याकडून, तेवढ्याच शटरला, जवळजवळ साडेतीन पट प्रकाश! कुठलाही सेन्सर बदलून तुम्हाला एवढं मिळणार नाही. ही लेन्स वापरलेली बघा, पैसे कमी पडले तर एक मोसम थांबा. ती फुल-फ्रेमवरही पूर्ण चालते, त्यामुळे पुढे बॉडी बदललीत तरी वाया जात नाही.

लग्नांचे फोटो काढत असता तर मी उलट सांगितलं असतं. हॉलमध्ये माणूस चार पावलांवर असतो, फ्रेम भरता येते, तिथे मोठा सेन्सर पैसे वसूल करून देतो. हरिश्चंद्रगडावरून रात्रीचे तारे काढणाऱ्यालाही तेच सांगेन. 'फुल-फ्रेम म्हणजे प्रोफेशनल' हे मात्र दुकानदारांचं पालुपद आहे, तिकडे लक्ष देऊ नका.

एक सूचना : २००-५०० चं वजन २.३ किलो भरतं. होडीत ट्रायपॉड कामाचा नाही, कारण होडीबरोबर तोही हलतो. होडीच्या काठावर बीन बॅग (दाणे भरलेली मऊ पिशवी) ठेवून त्यावर लेन्स टेकवा, आणि उडत्या पक्ष्याला शटर १/१६०० सेकंदापेक्षा हळू करू नका. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढला तर चढू द्या.