खत-पाणी वेळेवर देऊनही कुंडीतल्या लिंबाची वाढ का खुंटते?

पुण्यात गच्चीवर लावलेल्या लिंबाला युरिया आणि बोअरचे पाणी नियमित मिळूनही नवी पाने पिवळी पडतात आणि वाढ खुंटते, असे आपण लिहिले आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. गरजेच्या मानाने जो घटक सर्वांत कमी पडतो, त्याच्यापाशी झाडाची वाढ अडते, मग बाकीचे कितीही द्या. १८२८ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगेल यांनी मांडलेला हा नियम पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी सर्वदूर पोहोचवला.

आपल्या लिंबाला लोह कमी पडत असावे. कोवळे पान उजेडात धरून पाहावे: शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट पिवळा दिसला, तर ही शंका बळावते. नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते, म्हणून आधी खालची पाने पिवळी पडतात. लोह मात्र पानात एकदा बसले की फारसे हलत नाही, त्यामुळे झळ नवतीला, म्हणजे नव्या पालवीला, लागते. आपल्याकडची काळी माती बसाल्टपासून बनलेली असल्याने तिच्यात लोह मुबलक असते, परंतु चुनखडीमुळे सामू (पीएच, म्हणजे आम्लता-विम्लतेचे माप) ८ च्या आसपास गेला की ते मुळांना मिळेनासे होते, कारण सामू एका अंकाने वाढला तर फेरिक लोहाची (मातीत लोह बहुतांशी याच रूपात असते) विद्राव्यता सुमारे १००० पटीने घटते. बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट त्यात भरच घालते. हरितद्रव्य तयार करायला पेशीला लोह लागते. ते नसताना युरिया वाढवणे व्यर्थ आहे.

मात्र आधी कुंडीचे तळाचे छिद्र तपासावे, कारण पुष्कळदा खरे दुखणे तिथेच असते. ऑक्सिजन हवेच्या मानाने पाण्यात सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. साचलेल्या पाण्यात मुळांच्या पेशींना एका ग्लुकोजमधून जेमतेम २ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात, एरवी सुमारे ३० मिळतात, आणि लोह शोषून घेण्यालाही ऊर्जा लागतेच.

पाण्याचा निचरा ठीक असेल, तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडे सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावे. चुनखडीच्या मातीत नुसते हिराकस टाकले तर ते लवकरच अविद्राव्य होते. मातीतूनच द्यायचे असल्यास ईडीडीएचए चिलेट (लोहाला धरून ठेवून विद्राव्य राखणारे संयुग) असलेले लोह घ्यावे. जुनी पिवळी पाने पूर्ण हिरवी होतीलच असे नाही, म्हणून परिणाम पुढच्या नवतीवरून जोखावा आणि तोवर युरिया बंद ठेवावा.