उजनी धरणावर गळ टाकताना कुरव, सुरय हे पक्षी ओळखायचे कसे

गळ टाकलास की नुसता दोरीकडे टक लावून बसू नकोस, वरही बघ. थंडीत उजनीवर तपकिरी डोक्याचे कुरव येतात, जाळं ओढणाऱ्या होडीमागे घिरट्या घालतात. नाव तपकिरी, पण हिवाळ्यात डोकं पांढरंच. डोळ्यामागे काळसर ठिपका. उन्हाळ्याच्या तोंडावर डोकं रंगतं, मग लडाख-तिबेटकडं जातात. नदी सुरय मात्र इथलाच. पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. चोच खाली धरून उडतो, क्षणभर जागीच फडफडतो नि धपकन पाण्यात. बारकी मासळी तिथंच वर आलेली असते, गळ तिकडं टाक! दुर्बीण ८ बाय ४२ ची घे, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची; होडीत दहापटीच्या दुर्बिणीत चित्र फार हलतं. आणि तुटलेली तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, खिशात घालायची. पक्ष्यांच्या पायात अडकते. पाण्यात टाकलीस तर पुढच्या वेळी तुला नेणार नाही.