पॅनेल बदलण्याआधी छताची चौकट पाहा

प्रश्न : माझ्या वडिलांनी घेतलेली १९९६ सालची मर्सिडीज ई २२० आम्ही अजूनही वापरतो. तिचे सनरूफ काचेचे नसून पत्र्याचे आहे. त्याच्या पुढच्या कडेवर गेली तीन-चार वर्षे रंगाला फोड येत होते. यंदाच्या पावसाळ्यानंतर त्यांतला एक दाबून पाहिला, तर बोट आरपार गेले. जोराचा पाऊस झाला की चालकाच्या पायाखालचा गालिचाही ओला होतो. गॅरेजमध्ये मला दोन सल्ले मिळाले. एकाने भोकावर फायबर लावून, लांबी (पुट्टी) भरून रंग मारायला सांगितले. दुसऱ्याने छतावर पत्रा वेल्ड करून सनरूफ कायमचे बंद करायला सांगितले. मला ते चालू ठेवायचे आहे. दुसरे पॅनेल मिळेल का, आणि ते बसवताना काय काळजी घ्यावी? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पॅनेल बदलणे हाच योग्य मार्ग आहे, मात्र पॅनेल बदलल्याने आपला गालिचा कोरडा होणार नाही, हे आधीच सांगणे आवश्यक वाटते. या दोन तक्रारी एकमेकींशी जोडलेल्या असल्या तरी त्यांचे उपाय वेगळे आहेत.

सनरूफच्या कडेचे रबर पाणी पूर्णपणे अडवण्यासाठी नसतेच. ते बरेचसे पाणी बाहेर ठेवते, आणि जे आत झिरपते ते पॅनेलखालच्या पन्हळीत जमा होऊन चार कोपऱ्यांतील चार नळ्यांवाटे, म्हणजे पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांमधून, खाली उतरून गाडीबाहेर पडते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याच्या पायाखाली पाणी येत असेल तर पहिला संशय उजव्या बाजूच्या पुढच्या नळीवर घ्यावा. धूळ, वाळलेली पाने आणि रबराचा भुगा यांनी ती तुंबली की पन्हळ भरते, पॅनेलची खालची बाजू दिवसेंदिवस ओलसर राहते आणि त्यानंतर गंज अटळ होतो. पत्र्याच्या पॅनेलमध्ये वरचा पत्रा आतल्या सांगाड्यावर दुमडलेला असतो. त्या दुमडीत शिरलेले पाणी सहजासहजी वाळत नाही, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने तो रंगाला आतून वर उचलतो. म्हणूनच फोड दिसतो तेव्हा पत्रा बहुधा आतून खाल्ला गेलेला असतो. फायबर आणि लांबीचा सल्ला याच कारणाने चुकीचा आहे : वरचे भोक झाकले जाते आणि दुमडीतले पाणी तसेच राहते.

त्यामुळे नवे पॅनेल शोधायला निघण्यापूर्वी जुने काढून छताच्या उघड्या चौकटीची कड चारही बाजूंनी तपासावी. यावर मी मुद्दाम भर देतो, कारण सारा खर्च इथे ठरतो. रबर बाजूला करून कडेखाली बोट फिरवावे, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून पाहावे. घट्ट पत्र्याचा आणि पोखरलेल्या पत्र्याचा आवाज कानाला लगेच वेगळा कळतो. कड शाबूत असेल तर पुढचे काम एका चांगल्या डेंटरच्या आवाक्यातले आहे. कडच गळून गेली असेल, तर आतले अस्तर उतरवून पत्रा कापून नवा जोडावा लागेल, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने छताचा सपाट पत्रा वाकणार नाही असा कसबी कारागीर आधी शोधावा लागेल. तो मिळेपर्यंत पॅनेलवर एक रुपयाही खर्च करू नये.

पॅनेल मिळण्याची आशा बऱ्यापैकी आहे. डब्ल्यू १२४ या नावाने ओळखली जाणारी ही गाडी जगभरात पंचवीस लाखांहून अधिक बनली, आणि भारतात १९९५ पासून तेव्हाच्या टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) पिंपरी येथील कारखान्यात तिची जुळणी होत असे. अधिकृत विक्रेत्याकडे चासी क्रमांक देऊन चौकशी करावी. तिथे नाही मिळाले तर मुंबईत कुर्ला आणि दिल्लीत मायापुरी येथील जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत शोध घ्यावा. जुने पॅनेल घेताना रंग जुळतो का याला महत्त्व देऊ नये. नुकताच रंगवलेला चकचकीत तुकडा उलट संशयास्पद असतो. कडेने लोहचुंबक फिरवावे. जिथे तो धरत नाही तिथे खाली लांबी आहे. पॅनेल उलटे करून दुमड पाहावी आणि सपाट काचेवर ठेवून त्याला पीळ तर पडलेला नाही ना, याची खात्री करावी. अन्य रंगाचे पण सरळ, कोरडे पॅनेल हे रंग जुळणाऱ्या पण पिळलेल्या पॅनेलपेक्षा केव्हाही बरे.

रंगकाम पॅनेल गाडीवर चढवण्याआधी, सुटे ठेवूनच करावे, म्हणजे कडा आणि खालची बाजू सुटत नाही. जुना रंग उघड्या पत्र्यापर्यंत काढून इपॉक्सी प्रायमर द्यावा. गंज मारण्यासाठी आम्लयुक्त द्रावण वापरले असेल, तर ते पूर्ण धुऊन आणि वाळवून घेतल्याशिवाय इपॉक्सी लावू नये. आम्लाचा अंश राहिला तर प्रायमर नीट पकडत नाही आणि वर्षभरात सुटतो. रंग पूर्ण वाळल्यावर दुमडीत पोकळ्यांसाठी मिळणारे मेण फवारावे. समुद्राजवळच्या हवेत हा टप्पा गाळणे परवडणारे नाही. जुने रबर परत लावू नये. ते कडक झालेले असते.

काढताना आणि बसवताना घाई करू नये. सनरूफ थोडे उघडून त्याच्या खालच्या अस्तराची पुढची कड प्लॅस्टिकच्या पट्टीने क्लिपांमधून सोडवावी, अस्तर मागे सरकवावे, सनरूफ पुन्हा बंद करावे आणि मग दोन्ही बाजूंचे स्क्रू सोडून पॅनेल वर उचलावे. स्क्रू सोडण्याआधी त्यांच्या जागेभोवती मार्करने रेषा आखून घ्याव्यात. पॅनेल नसताना सनरूफचे बटण कोणीही दाबू नये, कारण दोन्ही बाजूंचे सरकते भाग मागे-पुढे झाले तर नवे पॅनेल तिरके चालेल आणि केबलवर ताण येईल. या गाडीत सनरूफची मोटर डिकीत असते. काम चालू असताना तिचा फ्यूज काढून ठेवलेला बरा.

नवे पॅनेल बसवताना त्याची पुढची कड छतापेक्षा साधारण एक मिलिमीटर खाली आणि मागची कड तेवढीच वर ठेवावी. पुढची कड वर राहिली तर वारा तिच्यावर आदळून शिट्टीसारखा आवाज येतो. नंतर कागदाची पट्टी रबरात अडकवून सनरूफ बंद करावे आणि पट्टी ओढून पाहावी. चारही बाजूंना ती सारख्याच ताणाने निघाली पाहिजे.

आता नळ्या. यांत कॉम्प्रेसरची हवा कधीही मारू नये. जुनी नळी खांबाच्या आत जोडातून निसटते, आणि मग पाणी गालिच्यावर येण्याचा कायमचा रस्ता तयार होतो. आपल्याकडे मासेमारीच्या दुकानात गळासाठी जाड नायलॉन दोरी मिळते; तिचे टोक गोलसर करून वरून हळूहळू सरकवावे. त्यानंतर प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतून ते खाली बाहेर पडते का, हे पाहावे. दरवर्षी मे महिन्यात हे करावे, आणि यंदा पॅनेल मिळण्याची वाट न पाहता आधी हेच करावे.

प्रश्न : अशाच पत्र्याच्या पॅनेलऐवजी स्थानिक काचवाल्याकडून काच कापून बसवता येईल का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. डोक्यावरच्या काचेसाठी सहसा टफन केलेली, म्हणजे उष्णता देऊन मजबूत केलेली, काच वापरतात, आणि ती एकदा टफन झाली की कापता किंवा भोक पाडता येत नाही. दुकानात आपल्यासमोर मापाने कापून मिळेल ती साधी काच असेल. फुटली तर तिचे अणकुचीदार तुकडे थेट डोक्यावर पडतील. काच हवीच असेल, तर त्याच गाडीसाठी मूळ काचेचे पॅनेल बनले होते का आणि ते आपल्या रुळांवर बसते का, हे चासी क्रमांकावरून आधी पडताळून घ्यावे.