फारसी पानावरची प्रश्नचिन्हं आणि त्यापुढचं काम

प्रिय विद्यार्थिनी,

संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना तू फारसी शिकते आहेस. फारसी कवितांचं वेबपान केलंस, तर कुठे प्रश्नचिन्हं आली, कुठे अक्षरं सुटी पडली. ‘या दोन आवडींतून व्यवसाय होईल का?’ हा तुझा प्रश्न.

होईल. या कामाला, म्हणजे सॉफ्टवेअर आणि वेबपानं दुसऱ्या भाषेत-लिपीत नीट चालवण्याला, लोकलायझेशन म्हणतात. मात्र नुसत्या फारसीवर आपल्याकडे नोकऱ्या थोड्याच. उर्दू आणि अरबीही घे. लिपीचं कुटुंब एकच असल्याने एकीसाठी शिकलेलं दुसरीकडे चालतं.

या कामात खरी किंमत आहे ती बिघाड कुठे झालाय हे ओळखण्याला. प्रश्नचिन्हं दिसली, तर बहुधा मजकूर साठवतानाच गेलाय. डेटाबेस यूटीएफ-८ (सगळ्या लिपींची अक्षरं साठवणारी पद्धत) करून तो पुन्हा भरावा लागेल. विचित्र रोमन चिन्हं दिसली, तर मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त ब्राउझर तो चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या चुकीच्या पद्धतीने, वाचतोय. अक्षरं सुटी पडली, तर आधी सीएसएसमधलं (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमधलं) लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, काढून बघ. वाक्याचा पूर्णविराम भलत्याच टोकाला गेला, तर बहुधा एचटीएमएल टॅगमध्ये ‘डीआयआर’ची (मजकुराच्या दिशेची) किंमत ‘आरटीएल’, म्हणजे उजवीकडून डावीकडे, दिलेली नसते. फारसी भाषेचा ‘एफए’ हा कोडही तिथेच दे.

यापुढची मेख डोळ्यांना दिसतच नाही. फारसी ‘ये’ आणि ‘काफ’ या अक्षरांचे युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेले क्रमांक) अरबी ‘ये’, ‘काफ’पेक्षा वेगळे आहेत. शब्दाच्या मध्ये दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेतला की शब्द सापडत नाही. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. ती जुळणी आपणच लिहायची. तसंच ‘नीम-फासले’, म्हणजे अर्धी जागा: क्रियापदाआधी लागणारा ‘मी’ हा फारसी प्रत्यय पुढच्या अक्षराला चिकटू न देणारं अदृश्य चिन्ह. मराठीत जोडाक्षर न होऊ देता हलन्त दाखवायलाही हेच चिन्ह लागतं, तेव्हा तुला ते परकं वाटणार नाही.

अक्षरं जोडण्याचं काम करणारी हार्फबझ ही मुक्त प्रणाली बेहदाद इस्फहबोद या इराणी अभियंत्याने पुढे आणली. क्रोम आणि अँड्रॉइड देवनागरीही तिच्याच मदतीने मांडतात. तिचा कोड खुला आहे, वाच.

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत मराठ्यांच्या इतिहासाची फारसी कागदपत्रं आहेत. ती शोधता येतील अशी वेबवर आणायला दोन्ही विद्या असलेली माणसं हवीत, आणि तशी माणसं फार कमी आहेत. म्हणून फारसी सोडू नकोस. या सुट्टीत तेच पान दुरुस्त कर, दोन्ही ‘ये’ चालतील असा शोध त्यात बसव आणि इंटर्नशिपच्या अर्जासोबत त्याचा दुवा जोड.