माकडांना केळी भरवली म्हणून लिव्हरमध्ये पू झाला का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे, धायरीला राहतो, दर रविवारी सिंहगड चढतो. गेल्या महिन्यात दहा दिवस थंडी वाजून ताप येत होता, उजव्या बरगड्यांखाली दुखायचं, उजव्या खांद्यातही कळ यायची, आम्हाला वाटलं डेंग्यू असेल. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये मोठं गळू निघालं, सुई घालून चॉकलेटी रंगाचा पू काढला, अमिबा आहे म्हणाले, पण स्टूल टेस्ट तर निगेटिव्ह आली! आता घरात सगळे म्हणतायत की गडावर माकडांना हाताने केळी भरवतो ना, त्यातूनच आलं. खरंय का हे? घरात दोन लहान मुलं आहेत म्हणून जास्त काळजी वाटते. — एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, आधी हे सांगते की भावाचं निदान वेळेत झालं, कारण हे गळू फुटलं तर पू छातीत किंवा पोटात जातो आणि मग प्रकरण फार अवघड होतं.

माकडांचं म्हणाल तर त्यांच्यावर खापर फोडू नका, पण घरच्यांची शंका अगदीच चुकीचीही नाहीये. माणसाला हा आजार करतो तो अमिबा म्हणजे एन्टामिबा हिस्टोलिटिका, आणि माकडांमध्ये त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा एक आहे, एन्टामिबा नटाली. १९०८ साली सिलोनमधल्या एका माकडाच्या लिव्हरच्या गळूत तो सापडला होता, मग जवळजवळ शंभर वर्षं कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, कारण मायक्रोस्कोपखाली दोघं हुबेहूब सारखे दिसतात आणि माकडात दिसला की सरसकट हिस्टोलिटिकाच म्हणायचे. २००७ च्या सुमारास जपानी संशोधकांनी जनुकं तपासली तेव्हा कळलं की हा वेगळाच आहे, आणि हॅमस्टरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदरासारख्या प्राण्यात, सोडला तर तोही लिव्हरमध्ये गळू करतो. लाल तोंडाची माकडं बहुतेक वेळा तो पोटात घेऊन मजेत फिरतात, पण पानं खाणाऱ्या काही जातींची माकडं झूमध्ये याने दगावली आहेत. माणसात? बेल्जियममध्ये झूमधल्या एका कर्मचाऱ्याच्या पोटात नटाली सापडला होता, पण त्याला काही त्रास नव्हता. म्हणजे वाट आहे, पण तुमच्या भावाच्या बाबतीत मी माणसाच्याच अमिबावर बोट ठेवीन.

तो येतो कसा तर माणसाची विष्ठा मिसळलेल्या पाण्यातून, त्या पाण्यात धुतलेल्या काकडीतून, कोथिंबिरीतून, ज्याच्या पोटात तो आहे त्याच्या न धुतलेल्या हातातून. त्याची सिस्ट, म्हणजे कवचातला अमिबा, ओलाव्यात कित्येक आठवडे टिकते, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही, पाणी उकळलं की मात्र मरते. मोठ्या आतड्यात गेल्यावर हा अमिबा आपल्या जिवंत पेशींचे अक्षरशः लचके तोडतो, हिस्टोलिटिका या नावाचा अर्थच ऊती विरघळवणारा. तिथून आतड्याचं रक्त लिव्हरकडे नेणाऱ्या पोर्टल व्हेनमधून तो वर जातो आणि बहुतेक वेळा उजव्या बाजूलाच बसतो म्हणून दुखणं उजवीकडे. सुईतून निघालेला तो चॉकलेटी द्रव खरं तर पू नसतोच, विरघळलेलं लिव्हर असतं ते. अमिबा गळूच्या भिंतीत असतात, म्हणून त्या द्रवातही बऱ्याचदा सापडत नाहीत. स्टूल निगेटिव्ह येण्याचं नवल वाटायला नको, गळू होईपर्यंत आतड्यातली लक्षणं बऱ्याच जणांत संपलेली असतात, कित्येकांना तर जुलाब झालेले आठवतही नाहीत. इथे सोनोग्राफी आणि रक्तातली अँटिबॉडी टेस्ट जास्त कामाची. आणि हो, हे गळू पुरुषांत बायकांपेक्षा साधारण दहापट दिसतं, तेही वीस ते पन्नासच्या वयात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच चूक होते. मेट्रोनिडाझोल या औषधाने गळूतले अमिबा मरतात, पण आतड्यातल्या सिस्ट राहू शकतात. म्हणून त्यानंतर डायलोक्सानाइड किंवा पॅरोमोमायसिनसारखं आतड्यातच काम करणारं औषध घ्यावं लागतं. ताप गेला, भूक लागायला लागली की लोक फॉलोअपला जातच नाहीत आणि हे दुसरं औषध राहून जातं, मग आजार उलटू शकतो आणि घरातल्यांनाही लागू शकतो. भावाला ते लिहून दिलंय का, फाइल उघडून आजच बघा. सोनोग्राफीत गळूची जागा पुढे काही महिने दिसत राहील, तेवढ्याने घाबरू नका.

मुलांना आपल्या मनाने गोळ्या देऊ नका. घरातल्या सगळ्यांची स्टूल तपासून घ्या, जमलं तर अँटिजेन किंवा पीसीआर टेस्ट, कारण मायक्रोस्कोपखाली डिस्पार नावाचा निरुपद्रवी अमिबाही तसाच दिसतो. भावाला बरं वाटल्यावर गडावर जाऊ दे की, पाणी घरचं उकळलेलं न्या, उघड्यावर कापून ठेवलेली काकडी-कैरी नको. माकडांना मात्र भरवणं थांबवाच, चावा आणि रेबीजची भीती आहेच, शिवाय आपल्या हातावरचा अमिबा त्या केळ्यातून त्यांच्या पोटात जाऊ शकतो.